बाहेरच्या उमेदवाराला अध्यक्षपदाची उमेदवारी मिळेल का, हे कसे जोखावे

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅटिक पक्षात असे एखादे नाव पुढे येते, ज्याच्या पाठीशी पक्षातील वजनदार नेते नसतात, पण गर्दी मात्र त्याच्याच सभांना होते. अशा उमेदवाराला पक्षाची उमेदवारी मिळू शकेल का, या प्रश्नाला साधारणपणे दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते की पक्षयंत्रणा असे कधीच घडू देणार नाही. दुसरे म्हणते की लोक चिडलेले आहेत, त्यामुळे या वेळी काहीही होऊ शकते. १९७६ मध्ये जिमी कार्टर आणि २०१६ मध्ये डोनल्ड ट्रम्प यांनी पहिले उत्तर खोटे ठरवले, तर २००४ मध्ये व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन आणि २०१६ व २०२० मध्ये बर्नी सँडर्स यांच्या पराभवाने दुसरे.

हे सगळे प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. उमेदवारी लोकप्रियतेवर मिळत नाही, ती पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनातील प्रतिनिधींच्या संख्येवर मिळते. आणि मतांचे प्रतिनिधींत रूपांतर कसे करायचे, हे प्रत्येक पक्षाचे आणि प्रत्येक राज्याचे नियम ठरवतात. म्हणून "हा उमेदवार लोकांना किती आवडतो" या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगाचा प्रश्न असा आहे की, त्याच्याकडे जितकी मते आहेत, तितक्या मतांचे या पक्षाच्या नियमांनुसार, या वर्षीच्या वेळापत्रकात आणि इतक्या प्रतिस्पर्ध्यांसमोर किती प्रतिनिधी होतील. पुढे या प्रश्नाचे तुकडे पाडून तो सोडवण्याची रीत दिली आहे. तिच्यासाठी राजकीय अंतर्ज्ञानाची गरज नाही. नियम वाचण्याची आणि बेरीज-वजाबाकी करण्याची तयारी पुरते.

बाहेरचा म्हणजे नेमका कशाबाहेरचा?

कार्टर हे जॉर्जियाचे माजी गव्हर्नर होते. वॉशिंग्टनच्या वर्तुळाबाहेरचे, पण डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतलेच. सँडर्स अनेक वर्षे संसदेत बसलेले, पण व्हरमाँटमधून अपक्ष म्हणून निवडून येणारे. ट्रम्प यांच्याजवळ कोणत्याही सरकारी पदाचा किंवा लष्करी सेवेचा अनुभव नव्हता, आणि असा अनुभव नसताना अध्यक्ष झालेले ते पहिलेच. १९६४ चे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर तर पक्षाचेच सिनेटर होते. त्यांचा झगडा होता तो पक्षावर वर्चस्व असलेल्या पूर्व किनाऱ्यावरील गटाशी. या चौघांनाही सरसकट "बाहेरचा उमेदवार" म्हटले जाते, मात्र चौघांपुढचे अडथळे निराळे होते. कार्टर यांना कोणी ओळखत नव्हते, ट्रम्प यांना सगळे ओळखत होते पण नेत्यांना ते नको होते, आणि सँडर्स यांना स्वतःला अभिमानाने डेमोक्रॅट म्हणवणाऱ्या ज्येष्ठ मतदारांपर्यंत पोहोचणे जड गेले.

म्हणून सर्वप्रथम आपल्या उमेदवारापुढचा अडथळा एका वाक्यात लिहून काढावा. अडथळा अनोळखीपणाचा असेल, तर सुरुवातीच्या एक-दोन राज्यांतील चांगल्या निकालाने तो दूर होऊ शकतो, कारण त्यानंतर प्रसिद्धी आपोआप मिळते. अडथळा नेत्यांच्या विरोधाचा असेल, तर ते नेते एकत्र येऊ शकतात का, यावर सगळे अवलंबून राहते. पण पक्षाचा कणा असलेल्या एखाद्या मोठ्या मतदारगटाचाच अविश्वास असेल, तर तो सर्वांत कठीण अडथळा समजावा. काही आठवड्यांच्या प्रचाराने तो सहसा दूर होत नाही.

पक्ष अशा व्यक्तीला मुळात स्वीकारतो का, हेही याच वेळी तपासावे. सँडर्स यांच्या २०१६ च्या मोहिमेनंतर डेमोक्रॅटिक पक्षाने २०१८ मध्ये नियम केला, की अध्यक्षपदाच्या इच्छुकाने आपण डेमोक्रॅट असल्याचे आणि निवडून आल्यास डेमोक्रॅट म्हणूनच काम करणार असल्याचे लेखी मान्य करावे. सँडर्स यांनी २०२० च्या निवडणुकीसाठी तशी मान्यता दिली आणि ती लढवली. नियमाने त्यांचा मार्ग बंद झाला नाही, तरीही असे नियम आधी वाचून ठेवलेले बरे.

१९६८ पूर्वीची उदाहरणे वेगळ्या खात्यात ठेवावीत

या विषयावरील चर्चेत वेंडेल विल्की यांचे नाव नेहमी निघते. वीज कंपन्यांच्या क्षेत्रातील हे उद्योजक, अगदी अलीकडेपर्यंत डेमोक्रॅट असलेले, १९४० च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात रिपब्लिकन उमेदवार झाले. पहिल्या फेरीत त्यांना अवघी १०५ मते होती. टॉमस ड्यूई यांना ३६० आणि रॉबर्ट टाफ्ट यांना १८९. सहाव्या फेरीत विल्की जिंकले. घटना विलक्षण आहे, पण आजच्या उमेदवाराविषयी ती फारसे काही सांगत नाही, कारण त्या काळी बहुतेक प्रतिनिधी राज्याराज्यांतील पक्षनेत्यांच्या हातात असत आणि त्यांची मने सभागृहात वळवता येत. जनरल आयझेनहॉवर यांचा १९५२ मधील विजयही बऱ्याच अंशी त्याच पद्धतीतला होता.

ही पद्धत मोडली ती १९६८ नंतर. त्या वर्षी उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत, म्हणजे राज्यातील प्राथमिक निवडणुकीत, न उतरता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यांवर रणकंदन माजले आणि पक्षाला आपल्या पद्धतीचा फेरविचार करावा लागला. मॅकगव्हर्न आणि फ्रेझर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीने सुचवलेल्या सुधारणांमुळे १९७२ पासून बहुतेक प्रतिनिधी या प्रायमऱ्या आणि कॉकस म्हणजे कार्यकर्त्यांच्या स्थानिक सभा यांतून निवडले जाऊ लागले. रिपब्लिकन पक्षातही राज्यांच्या कायद्यांमुळे हाच बदल झिरपला. पक्षश्रेष्ठींनी बंद खोलीत उमेदवार ठरवायचा, ही शक्यता तेव्हापासून जवळजवळ संपली. त्यामुळे तुलना करायची ती १९७२ नंतरच्या निवडणुकांशीच करावी.

विद्यमान अध्यक्ष रिंगणात असेल तर

येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. १९७२ नंतर ज्या विद्यमान अध्यक्षाने पुन्हा उमेदवारी मागितली आणि शेवटपर्यंत लढवली, त्याच्याकडून ती कोणालाही हिसकावता आलेली नाही. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन, १९८० मध्ये एडवर्ड केनेडी आणि १९९२ मध्ये पॅट ब्यूकॅनन यांनी जोर लावला, पण फोर्ड, कार्टर आणि थोरले बुश यांची उमेदवारी टिकली, जरी नोव्हेंबरची निवडणूक मात्र तिघेही हरले. रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी २०२३ मध्ये बायडन यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी सुरुवात केली आणि ऑक्टोबरमध्येच ते अपक्ष म्हणून बाहेर पडले. समोर विद्यमान अध्यक्ष असेल, तर बाहेरच्याची शक्यता अत्यल्प मानून पुढे जावे.

नियमपुस्तिका: एकाच टक्केवारीचे दोन वेगळे निकाल

सर्वाधिक वेळ येथे द्यावा, कारण बहुतेक अंदाज याच ठिकाणी चुकतात.

डेमोक्रॅटिक पक्षात सध्या सर्व राज्यांत प्रतिनिधींचे वाटप मतांच्या प्रमाणात होते आणि वाटा मिळण्यासाठी किमान १५ टक्के मते लागतात. ही अट राज्य पातळीवर वेगळी आणि काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) मतदारसंघांच्या पातळीवर वेगळी लावली जाते. रिपब्लिकन पक्षाने राज्यांना बरेच स्वातंत्र्य दिले आहे. २०१६ मध्ये १५ मार्चपूर्वी मतदान घेणाऱ्या बहुतेक राज्यांना प्रमाणशीर वाटप बंधनकारक होते, पण त्या तारखेपासून पुढे पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला राज्यातील सर्व प्रतिनिधी देण्याची मुभा होती; आणि आधीच्या राज्यांतही २० टक्क्यांपर्यंतच्या अटी घालून लहान उमेदवारांना वाट्याबाहेर ठेवता येत होते.

याचा परिणाम आकडे मांडूनच समजतो. समजा ९० प्रतिनिधी असलेल्या एका राज्यात बाहेरच्या उमेदवाराला ३५ टक्के मते मिळाली आणि त्याच्या चार प्रतिस्पर्ध्यांना अनुक्रमे २५, २०, १२ आणि ८ टक्के. रिपब्लिकन पक्षात, विजेत्याला सर्व काही देणाऱ्या राज्यात, त्याला ९० च्या ९० प्रतिनिधी मिळतील. डेमोक्रॅटिक पक्षात शेवटचे दोघे १५ टक्क्यांच्या अटीमुळे बाद होतील, उरलेल्या ८० टक्क्यांत त्याचे ३५ मोजले जातील आणि मतदारसंघांचा बारकावा सोडला तर त्याला सुमारे ३९ प्रतिनिधी मिळतील. म्हणजे पहिल्या क्रमांकावर येऊनही तो निम्म्यांच्या खालीच राहील. पहिल्या पक्षात ३५ टक्के मतांनी उमेदवारी मिळू शकते. दुसऱ्या पक्षात त्याच ३५ टक्क्यांवर तो शेवटपर्यंत शर्यतीत राहू शकतो, पण बहुमत गाठू शकत नाही.

२०१६ मध्ये नेमके हेच दिसले. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना सुमारे साडेबत्तीस टक्के मते पडली आणि राज्याचे सर्वच्या सर्व ५० प्रतिनिधी मिळाले. फ्लोरिडात सुमारे ४६ टक्के मतांवर त्यांनी सगळे ९९ प्रतिनिधी घेतले आणि तेथील सिनेटर मार्को रुबियो यांची मोहीम त्याच रात्री संपली. १९ एप्रिलच्या न्यूयॉर्क प्रायमरीपर्यंत ट्रम्प यांना एकाही राज्यात निम्म्याहून अधिक मते मिळालेली नव्हती, तरी १,२३७ प्रतिनिधींच्या बहुमताकडे त्यांचीच वाटचाल सर्वांत पुढे होती. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक बाजूला सँडर्स यांनी २० हून अधिक राज्ये जिंकली, एकूण सुमारे ४३ टक्के मते घेतली, आणि तरीही हिलरी क्लिंटन यांची आघाडी त्यांना कधी मोडता आली नाही. ट्रम्प यांचा एकूण मतांचा वाटा सुमारे ४५ टक्के होता. म्हणजे दोघांच्या वाट्यांत फरक फार थोडा. निकाल मात्र पूर्ण वेगळे. अर्थात सँडर्स यांच्यासमोर एकच प्रबळ प्रतिस्पर्धी होती आणि ट्रम्प यांच्यासमोर अनेक, हे कारणही तितकेच मोठे आहे. त्याकडे पुढे येऊ.

प्रमाणशीर पद्धतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तेथे किती राज्ये जिंकली यापेक्षा किती फरकाने जिंकली याला किंमत असते. ८ मार्च २०१६ रोजी मिशिगनमध्ये सँडर्स यांनी सर्व चाचण्या खोट्या ठरवत सुमारे दीड टक्क्याने विजय मिळवला आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्या त्यांच्याच होत्या. पण त्याच रात्री मिसिसिपीत क्लिंटन यांना ८० टक्क्यांहून अधिक मते मिळाली होती, आणि प्रतिनिधींच्या हिशेबात ती रात्र त्यांची ठरली. २००८ च्या सुपर ट्यूजडेलाही, म्हणजे अनेक राज्ये एकाच दिवशी मतदान करतात त्या मंगळवारी, असेच घडले. छोट्या आयडाहोच्या कॉकसमधून बराक ओबामा यांनी १२ प्रतिनिधींची आघाडी कमावली, तर न्यू जर्सीसारखे मोठे राज्य जिंकून क्लिंटन यांच्या पदरात ११ चीच आघाडी पडली. मथळे वाचून अंदाज बांधणाऱ्याच्या हातून हे निसटते, म्हणून प्रत्येक निकालाच्या रात्री पहिला आकडा प्रतिनिधींचा शोधावा.

प्रस्थापितांची मते किती जणांत विभागली आहेत, आणि कधीपर्यंत?

बाहेरचा उमेदवार क्वचितच बहुमताने सुरुवात करतो. त्याच्याजवळ एक घट्ट गट असतो आणि त्याचे नशीब बऱ्याच अंशी उरलेल्यांच्या वागण्यावर ठरते. कार्टर यांचा १९७६ चा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आयोवाच्या कॉकसमध्ये त्यांना सुमारे २८ टक्के पाठिंबा मिळाला आणि त्यांच्याही पुढे "अद्याप ठरवलेले नाही" असे सांगणारे सुमारे ३७ टक्के होते. तरीही उमेदवारांत ते पहिले, म्हणून वृत्तपत्रांनी त्यांना विजेते ठरवले. न्यू हॅम्पशायरमध्ये ते पुन्हा तीस टक्क्यांच्या आतच राहिले, पण पक्षातील उदारमतवादी मते मॉरिस उडाल, बर्च बाय, फ्रेड हॅरिस आणि सार्जंट श्रायव्हर यांच्यात वाटली गेली होती. मग फ्लोरिडात त्यांनी वर्णभेदाचे समर्थक म्हणून ओळखले जाणारे अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना हरवले आणि दक्षिणेत वॉलेस नको असलेल्यांचाही विश्वास मिळवला. फ्रँक चर्च आणि जेरी ब्राउन यांनी उशिरा उतरून वसंतात त्यांना अनेक राज्यांत हरवले, पण तोवर प्रतिनिधींचा डोंगर उभा राहिला होता.

२०१६ च्या रिपब्लिकन शर्यतीत १७ प्रमुख उमेदवार होते. न्यू हॅम्पशायरमध्ये ट्रम्प यांना ३५ टक्के मते मिळाली आणि जॉन केसिक, टेड क्रूझ, जेब बुश व रुबियो हे चौघे साधारण १० ते १६ टक्क्यांच्या पट्ट्यात अडकले. या चौघांपैकी प्रत्येकाला आपण रिंगणात टिकून राहिलो तर शेवटी ट्रम्प यांच्यासमोर आपणच उरू असे वाटत होते, आणि म्हणून कोणीही वेळेवर माघार घेतली नाही. येथे कोणाच्या हेतूंविषयी बोलण्याची गरज नाही. दुसऱ्या क्रमांकासाठी झगडणाऱ्या उमेदवाराला माघार घेण्याचे कारणच नसते, कारण माघारीचा लाभ त्याच्या शेजाऱ्याला होतो.

याच्या उलट घडले ते २०२० मध्ये. सँडर्स यांनी न्यू हॅम्पशायर आणि नेव्हाडा जिंकले होते, मध्यममार्गी मते पीट बुटिजेज, एमी क्लोबुशार, जो बायडन आणि मायकेल ब्लूमबर्ग यांच्यात विखुरलेली होती, आणि २०१६ च्या रिपब्लिकन शर्यतीची पुनरावृत्ती होईल असे अनेकांना मनापासून वाटत होते. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला, २९ तारखेला बायडन तेथे जवळपास ४९ टक्के मतांनी जिंकले, आणि पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज व क्लोबुशार यांनी माघार घेऊन त्यांच्यामागे उभे राहण्याचे ठरवले. ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेला बायडन यांनी १४ पैकी १० राज्ये जिंकली. चार दिवसांपूर्वीचे सर्व अंदाज रद्दबातल झाले.

या दोन वर्षांमधून एक व्यवहारी कसोटी मिळते. मार्चच्या पहिल्या मंगळवारपूर्वी प्रस्थापित गोटातील उमेदवारांची संख्या दोनवर किंवा एकावर येण्याची चिन्हे आहेत का, हे शोधावे. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात: त्यांच्यातील एखादा पक्षाच्या मोठ्या मतदारगटाचा स्पष्ट आवडता आहे का, इतरांचे पैसे संपत आले आहेत का, आणि माघार घेणाऱ्याला पुढे एखाद्या पदाची आशा ठेवता येईल इतका विजेता विश्वासार्ह दिसतो का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर बाहेरच्या उमेदवाराची सुरुवातीची आघाडी टिकाऊ समजू नये.

जनाधार किती घट्ट, आणि वाढण्याची जागा किती?

जनमत चाचणीत उमेदवाराचा एकूण आकडा पाहून थांबू नये. अधिक उपयोगाचे दोन प्रश्न असतात: पाठीराख्यांपैकी किती जणांचा निर्णय पक्का आहे, आणि इतरांच्या मतदारांना दुसरी पसंती कोणती आहे. ट्रम्प यांच्या पाठीराख्यांचा निर्णय आरंभापासून पक्का होता. डीन यांच्या बाबतीत २००३ च्या अखेरीस अल गोर यांच्यासारख्यांचा पाठिंबा, इंटरनेटवरून उभा राहिलेला निधी आणि तरुणांचा उत्साह असे सगळे होते. पण आयोवातील बाकीच्या मतदारांची दुसरी पसंती ते नव्हते, आणि कॉकसच्या रात्री ते जॉन केरी व जॉन एडवर्ड्स यांच्या मागे, सुमारे १८ टक्क्यांवर, तिसरे आले.

डेमोक्रॅटिक पक्षात कृष्णवर्णीय मतदारांच्या कलाकडे स्वतंत्रपणे पाहिल्याशिवाय कोणताही अंदाज देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये हा मतदार अत्यल्प आहे, त्यामुळे तेथील यश फसवे असू शकते; दक्षिणेतील राज्यांत तोच निर्णायक असतो. सँडर्स दोन्ही वेळा याच टप्प्यावर मागे पडले, तर ओबामा यांनी २००८ मध्ये याच बळावर आघाडी घेतली.

कागदपत्रे

सभेची गर्दी सगळ्यांना दिसते, अर्जाची मुदत कोणाला दिसत नाही. म्हणून हा भाग मुद्दाम सविस्तर. २०१२ मध्ये व्हर्जिनियाच्या रिपब्लिकन प्रायमरीसाठी १०,००० मतदारांच्या सह्या लागत, आणि त्यांतील किमान ४०० राज्याच्या ११ पैकी प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून याव्या लागत. त्या वर्षी मतपत्रिकेवर दोनच नावे पोहोचली: मिट रॉम्नी आणि रॉन पॉल. न्यूट गिंग्रिच यांच्यासारखे लोकसभेच्या दर्जाच्या सभागृहाचे माजी सभापतीही, स्वतः व्हर्जिनियात राहत असून, अट पूर्ण करू शकले नाहीत. इंडियानातही सह्या मतदारसंघनिहाय मागितल्या जातात. बाहेरच्या उमेदवाराकडे गावोगावी पक्षाचे जुने कार्यकर्ते नसल्याने त्याला हे काम पैसे देऊन किंवा स्वयंसेवकांकडून, आणि तेही महिनोन्‌महिने आधी, करून घ्यावे लागते.

१९८४ मध्ये सिनेटर गॅरी हार्ट यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये वॉल्टर मॉन्डेल यांना अनपेक्षितपणे हरवले आणि देशभर त्यांचे नाव झाले, पण पुढील काही राज्यांत त्यांच्या मोहिमेने प्रतिनिधींच्या पूर्ण याद्याच भरलेल्या नव्हत्या. मते वाढली, ती उचलायला माणसे नव्हती.

तिसरी मुदत उमेदवाराची नसून मतदाराची असते. काही राज्यांत पक्षाच्या प्रायमरीत फक्त त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदारच मत देऊ शकतात. न्यूयॉर्कमध्ये १९ एप्रिल २०१६ च्या मतदानासाठी पक्ष बदलण्याची शेवटची तारीख ९ ऑक्टोबर २०१५ होती, म्हणजे सहा महिन्यांहून आधीची. ट्रम्प यांच्या दोन मुलांनाही त्यामुळे वडिलांना मत देता आले नाही. सँडर्स यांच्या अनेक अपक्ष समर्थकांचेही तेच झाले. नव्या मतदारांवर भिस्त ठेवणाऱ्या उमेदवारासाठी खुल्या आणि बंद प्रायमऱ्यांची विभागणी प्रत्येक राज्यासमोर लिहून ठेवलीच पाहिजे.

या सर्वांसाठी एक तक्ता करावा. त्यात राज्य, तारीख, प्रतिनिधींची संख्या, वाटपाचा प्रकार, किमान टक्केवारी, मतदानाचा हक्क कोणाला, पक्षनोंदणीची मुदत आणि उमेदवाराने अर्ज भरला आहे का, असे रकाने असावेत. पक्षांचे नियम आणि राज्यांची वेळापत्रके दर चार वर्षांनी बदलतात, म्हणून मागच्या निवडणुकीचा तक्ता पुन्हा वापरू नये. डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ साठी साउथ कॅरोलायनाला पहिला क्रमांक दिला होता, आणि न्यू हॅम्पशायरने तो न जुमानता आपले मतदान जानेवारीतच घेतले.

पैसा आणि नेत्यांचा पाठिंबा

पैसा लागतो, पण तो मतांची जागा घेत नाही. ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये स्वतःचे १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि सुपर ट्यूजडेला त्यांच्या वाट्याला केवळ अमेरिकन समोआ आले. २०१५ मध्ये जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅकने (अमर्याद देणग्या घेऊ शकणाऱ्या स्वतंत्र प्रचारसंस्थेने) १० कोटी डॉलरहून अधिक जमवले होते. बुश साउथ कॅरोलायनानंतर बाहेर पडले. तपासायचे ते इतकेच की, सुरुवातीला एखादे राज्य हरल्यावरही मोहीम महिनाभर चालू ठेवता येईल का. छोट्या देणगीदारांची मोठी संख्या असलेल्या उमेदवाराला ते जमते, कारण तेच लोक पुन्हा देणगी देऊ शकतात.

नेत्यांच्या पाठिंब्याविषयी एकेकाळी असे मानले जाई की, प्रायमऱ्या सुरू होण्यापूर्वी ज्याच्यामागे सर्वाधिक गव्हर्नर आणि खासदार, उमेदवारी त्याचीच. २०१६ ने हा समज डळमळीत केला. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी आणि सिनेटर जेफ सेशन्स पुढे येईपर्यंत एकही विद्यमान गव्हर्नर किंवा सिनेटर ट्रम्प यांच्यासोबत नव्हता. मात्र २०२० मध्ये एका खासदाराच्या शब्दाने शर्यत फिरली. म्हणून पाठिंब्यांची मोजदाद करण्यापेक्षा, पाठिंबा देणाऱ्याच्या शब्दाला मान देणारे मतदार पुढच्या आठवड्यात मत देणार आहेत का, हे पाहावे. आणि नेते कोणाच्याच मागे न जाता थांबून राहिले असतील, तर ते बाहेरच्या उमेदवाराला अनुकूल लक्षण समजावे.

अधिवेशनापर्यंत प्रश्न शिल्लक राहिला तर

मार्चअखेर आपल्या तक्त्यात एक भागाकार करावा: बहुमतासाठी अजून हवे असलेले प्रतिनिधी भागिले शिल्लक असलेले प्रतिनिधी. उत्तर उमेदवाराच्या आतापर्यंतच्या वाट्यापेक्षा बरेच अधिक येत असेल, तर त्याची वाट अधिवेशनातूनच जाते, आणि तेथे बाहेरचा उमेदवार सर्वांत कमकुवत असतो.

कारण प्रतिनिधी म्हणून निवडली जाणारी माणसे बहुधा पक्षाचे जुने कार्यकर्ते असतात. पहिल्या फेरीत ते राज्याच्या निकालाला बांधलेले असतात. पुढील फेऱ्यांत राज्यागणिक वेगवेगळ्या वेळी मोकळे होतात. हे तंत्र ओळखणारे बाहेरचे उमेदवारही झाले आहेत. २०१२ मध्ये आयोवाच्या कॉकसमधील मतमोजणीत रॉन पॉल तिसरे होते, पण त्यांचे कार्यकर्ते पुढच्या प्रत्येक सभेला हजर राहिले आणि टँपाच्या अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ प्रतिनिधींनी पॉल यांना मत दिले. रिपब्लिकन पक्षाने त्यानंतर प्रतिनिधींना राज्यातील मतदानाशी बांधणारे नियम कडक केले. २०१६ मध्ये कोलोरॅडोत थेट मतदान न होता सभांमधून प्रतिनिधी निवडले गेले आणि क्रूझ यांच्या संघटनेने ट्रम्प यांना तेथे जवळजवळ काहीच मिळू दिले नाही. डेमोक्रॅटिक पक्षात पदसिद्ध प्रतिनिधी, म्हणजे सुपरडेलिगेट, २०१८ च्या बदलानंतर चुरशीच्या पहिल्या फेरीत मत देऊ शकत नाहीत. पण दुसरी फेरी झाली तर ते येतात, आणि बाहेरच्या उमेदवाराच्या बाजूने ते येण्याची शक्यता कमी असते.

अशा वेळी उमेदवारीच्या मतदानाची वाट न पाहता नियम समितीकडे आणि सभागृहातील पहिल्या नियमविषयक मतदानाकडे लक्ष ठेवावे, कारण बळाची खरी मोजणी तेथे आधी होते. १९५२ मध्ये वादग्रस्त प्रतिनिधींना मत देता येईल का, या ठरावावर आयझेनहॉवर यांची बाजू जिंकली आणि टाफ्ट यांचा पराभव तेथेच दिसू लागला. २०१६ मध्ये क्लीव्हलँड येथे प्रतिनिधींना मोकळे करण्याचा प्रयत्न समितीतच अडवला गेला. १९७६ मध्ये कॅन्सस सिटीत रेगन यांच्या गटाने, फोर्ड यांनी आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार आधीच जाहीर करावा, असा नियम मांडला; तो १,१८० विरुद्ध १,०६९ मतांनी फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी उमेदवारीच्या मतदानात फोर्ड यांना १,१८७ आणि रेगन यांना १,०७० मते पडली.